डावीकडे ओढणारी ढकलगाडी

मी एक जुनी ढकलगाडी आहे आणि मला भीती वाटते. कशाकशाची, असं विचाराल तर मित्रांनो, कशाची वाटत नाही ते आधी सांगते, म्हणजे लवकर संपेल. मला ओल्या फडक्याची भीती वाटत नाही. झालं.

उंबरठ्याची वाटते. उताराची वाटते, चढाची वाटते. लिफ्ट आणि मजला यांच्यामध्ये बोटभर फट असते, तिची तर इतकी वाटते, की ती ओलांडताना माझे दोन्ही कप्पे दातांसारखे वाजतात. आणि सगळ्यात जास्त वाटते ती खडूची. त्याचं कारण पुढे येईल.

माझा जन्म एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. एकाच दिवशी आम्ही साठ बहिणी जन्मलो. माझी तीन चाकं जेवणाच्या सुट्टीआधी बसवली आणि चौथं सुट्टीनंतर. सुट्टीनंतरचं चाक म्हणजे पुढचं डावं. बसवणाऱ्याला तेव्हा डुलकी लागत होती, असा माझा अंदाज आहे, कारण त्या दिवसापासून मी डावीकडे ओढते. तुम्ही मला सरळ ढकला, मी भिंतीकडे जाते. यात माझा काही वाईट हेतू नसतो.

कारखान्यातून मी एका मोठ्या इस्पितळात आले आणि पहिली अकरा वर्षं मी चहाची गाडी होते. वरच्या कप्प्यात कप, खालच्या कप्प्यात किटली. ते माझे वैभवाचे दिवस. स्ट्रेचर येताना दिसलं की बसलेला रुग्ण आडवा होतो. मी येताना दिसले की आडवा झालेला उठून बसायचा. एवढं कौतुक भल्याभल्या डॉक्टरांनाही मिळत नाही. मग इस्पितळात चहाचं यंत्र आलं. ते भिंतीला टेकून उभं राहतं, बटण दाबलं की गुरगुरतं आणि कधीकधी कप न देताच चहा देतं. तरी त्याला ठेवलं आणि मला काढलं.

त्याच सुमारास तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेने एक टेबल मिळावं म्हणून अर्ज केला होता. तो अर्ज दोन वर्षं फिरला. शेवटी टेबलाच्या जागी त्यांना मी मिळाले. प्रयोगशाळेने मला मागच्या खोलीत ठेवलं. तिथे दार न लागणारा एक फ्रिज होता, आणि एक वजनकाटा होता, जो कोणीही उभं राहिलं तरी चाळीस किलो दाखवायचा. आम्ही तिघं तिथे सात वर्षं राहिलो. दर वर्षी भांडाराचे कारकून वही घेऊन यायचे आणि फेकून द्यायच्या वस्तूंवर खडूने फुली मारायचे. सातव्या वर्षी त्यांनी माझ्या वरच्या कप्प्यावर फुली मारली. फुली मारलेल्या वस्तू महिन्याअखेरीस मागच्या अंगणात जातात आणि तिथून कुठे जातात, ते सांगायला अजून कोणी परत आलेलं नाही.

आता मित्रांनो, ज्यांच्यामुळे मी वाचले, त्यांच्याबद्दल.

त्यांना सगळे लॅबताई म्हणत. त्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं रक्त तपासत होत्या. माणसं त्यांच्याकडे नळीत बसून यायची. त्या नळीवरचं नाव वाचायच्या, रक्ताचा थेंब काचेवर पसरायच्या, सूक्ष्मदर्शकात डोळा लावायच्या आणि गप्पा मारल्यासारख्या पुटपुटायच्या, "अरे वा, आज बरं दिसतंय." पण खरोखरचं माणूस समोर उभं राहिलं, की त्यांची बोबडी वळायची. प्रयोगशाळेच्या खिडकीशी कोणी रिपोर्ट विचारायला आलं, तर त्या आधी टेबलाखाली काहीतरी पडलंय का ते बघायच्या. काही पडलेलं नसायचं. त्या खालीच थांबायच्या.

तेव्हा इस्पितळाच्या वरच्या वॉर्डात रोज सकाळी चाळीस जणांचं रक्त काढायचं काम एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे होतं. त्यांना छोट्या डॉक्टर म्हणत, कारण त्यांच्यावर मोठे डॉक्टर होते. छोट्या डॉक्टरांनी चाळीस सुया टोचायच्या, चाळीस नळ्या भरायच्या, मग मोठ्या डॉक्टरांबरोबर फेरी करायची, मग दिवसभर रुग्ण बघायचे. असं दोन वर्षं चाललं. मग एकदा सकाळी त्यांनी सलाइनच्या स्टँडला "आज कसं वाटतंय?" असं विचारलं आणि उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या. वॉर्डच्या मोठ्या सिस्टरनी त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि मोठ्या डॉक्टरांना सांगितलं, "स्टँडची तब्येत बरी आहे. यांचं बघा."

त्यावरून एक योजना निघाली. रक्त काढायला प्रयोगशाळेच्या माणसांनी वर यायचं. त्यांनीच काढायचं, त्यांनीच खाली न्यायचं, त्यांनीच तपासायचं आणि काही काळजीचं दिसलं तर थेट कळवायचं. डॉक्टरांनी डॉक्टरकी करायची. एक महिना करून बघू, असं ठरलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "एक जरी नमुना चुकीच्या माणसाच्या नावावर गेला, तर त्याच दिवशी हे बंद."

प्रयोगशाळेत हात सर्वांत स्थिर कोणाचा, याची चौकशी झाली. लॅबताई टेबलाखाली होत्या, पण हात त्यांचाच निघाला.

त्यांना सराव करायला एक रबरी हात मिळाला. त्या हाताशी त्यांचं छान जमलं. तो बोलत नसे. मग नळ्या, सुया, कापूस, दंडाला बांधायचे पट्टे ठेवायला काहीतरी हवं म्हणून त्या मागच्या खोलीत आल्या. फ्रिजकडे बघितलं, काट्याकडे बघितलं आणि मला बाहेर ओढलं. मी लगेच दाराच्या डाव्या चौकटीवर आदळले.

"तूसुद्धा घाबरतेस वाटतं," त्या म्हणाल्या. सात वर्षांत माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

पहिल्या दिवशी आम्ही वॉर्डात शिरलो तेव्हा माझं डावं चाक कुईकुई वाजत होतं. ते ऐकून कोपऱ्यातला कोणीतरी ओरडला, "चहा आला रे." अख्खा वॉर्ड उठून बसला. काहींनी पेलेही पुढे केले. मग सगळ्यांनी माझ्यावरच्या सुया बघितल्या आणि अख्खा वॉर्ड पुन्हा आडवा झाला.

लॅबताई कोणाच्याही चेहऱ्याकडे बघायच्या नाहीत. कोपराकडे बघायच्या. "हात द्या. थोडंसंच आहे," एवढी दोन वाक्यं त्यांनी घरून पाठ करून आणली होती. नियम मात्र असा होता, की आधी नाव विचारायचं आणि मगच सुई. पहिला आठवडा त्यांनी नियम पाळला. सात नंबरच्या खाटेवर एक म्हातारे बसड्रायव्हर होते. पोटात आतल्या आत रक्त वाहत होतं म्हणून भरती झालेले. लॅबताईंनी नाव विचारलं की ते नावापासून सुरुवात करायचे, मग डेपो, मग पहिली गाडी, मग तिचा गिअरबॉक्स. गिअरबॉक्सला सात मिनिटं लागायची.

"अहो ताई," मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "नाव विचारा म्हटलं होतं. चरित्र नाही. फेरीची वेळ झाली."

तेव्हा लॅबताईंनी एक युक्ती काढली. मित्रांनो, ही युक्ती नीट ऐका, कारण पुढची सगळी भीती तिच्यातूनच आली. प्रयोगशाळेत प्रत्येक गोष्ट रांगेत असते. रांग मोडली की अनर्थ. म्हणून त्या सकाळी खालीच बसून प्रत्येक रिकाम्या नळीवर नावाचं लेबल चिकटवायच्या आणि नळ्या खाटांच्या क्रमाने माझ्या वरच्या कप्प्यात उभ्या करायच्या. एक नंबरची नळी एक नंबरच्या खाटेला, दोनची दोनला. मग विचारायचं काही उरतच नव्हतं. कोपर, सुई, पुढे. चाळीस जण पाऊण तासात.

सगळ्यांनी त्यांची वाखाणणी केली. मला तेव्हाच भीती वाटली होती, पण मला उंबरठ्याचीही वाटते, त्यामुळे मी स्वतःकडे लक्ष दिलं नाही.

आणि खरं सांगायचं तर योजनेचा गुण येत होता. छोट्या डॉक्टरांना सकाळी वेळ मिळू लागला. वेळ मिळाल्यावर त्यांनी आधी दोन दिवस नुसता नाश्ता केला. तिसऱ्या दिवशी त्या ड्रायव्हर आजोबांच्या खाटेवर टेकल्या आणि त्यांनी गिअरबॉक्सची गोष्ट पूर्ण ऐकली. गिअरबॉक्सनंतर गुडघे आले. गुडघ्यांनंतर गोळ्या आल्या.

"कुठल्या गोळ्या, आजोबा?"

"गुडघेदुखीच्या. दुकानातून आणतो. गाडी धरायची म्हणजे क्लच दाबायला गुडघा नको का? रोज चार. जास्त दुखलं तर सहा."

"किती वर्षं?"

"क्लच होता तोवर. आणि मग सवय म्हणून."

त्यांनी उशीखालून पुडी काढून दाखवली. इस्पितळातही चालूच होत्या. पोटातली जखम भरत का नव्हती, हे इतके दिवस कोणाला कळत नव्हतं. ते दहा मिनिटं बसल्यावर कळलं. ती दहा मिनिटं माझ्या वरच्या कप्प्यातून आली होती, असं मी मनातल्या मनात म्हणते. मोठ्याने म्हणायची मला भीती वाटते.

आता अठरावा दिवस.

सात नंबरच्या शेजारी, आठ नंबरच्या खाटेवर, एक शिंपीकाका होते. त्यांचा मुतखडा पडून गेला होता, तपासण्या आदल्या दिवशी संपल्या होत्या, दुसऱ्या दिवशी घरी जायचं होतं. उजव्या हाताच्या बोटातलं शिवणकामाचं लोखंडी टोपण ते झोपेतही काढत नसत. आठ नंबरची खाट खिडकीची. त्या दिवशी सकाळी तोंडं धुऊन झाल्यावर ड्रायव्हर आजोबा त्यांना म्हणाले, "आयुष्यभर समोरच्या काचेतून बघितलं हो. एकदा बाजूच्या खिडकीला बसायचंय, पॅसेंजरसारखं."

"मग बसा की," शिंपीकाका म्हणाले. "पण सिस्टरना सांगू नका. त्या फाडून खातील."

दोघांनी आपापल्या उशा उचलल्या आणि जागा बदलल्या. खाटेला टांगलेले कागद जिथल्या तिथेच राहिले.

अर्ध्या तासाने आम्ही आलो. एक, दोन, तीन. कोपर, सुई, पुढे. सहा. मग सात. ड्रायव्हर आजोबांच्या त्या दिवशी दोन नळ्या होत्या. एक रोजची. दुसरी रक्तगटाची, कारण आदल्या दिवशी त्यांचं हिमोग्लोबिन सहावर आलं होतं आणि आता त्यांना रक्त चढवायचं होतं. दोन्ही नळ्यांवर त्यांचं नाव आधीच चिकटवलेलं होतं.

सात नंबरच्या खाटेवरून एक हात पुढे आला. त्याच्या बोटात लोखंडी टोपण होतं.

मित्रांनो, मी गाडी आहे. मला तोंड नाही. मी सगळा जोर लावून डावीकडे ओढले. लॅबताईंनी मला कमरेने सरळ केलं. मी कुईकुई केलं.

"हिला तेल घाला कोणीतरी," मोठ्या सिस्टर लांबूनच म्हणाल्या.

"माझं तर काल संपलं ना?" शिंपीकाकांनी हळूच विचारलं.

"थोडंसंच आहे," लॅबताई कोपराकडे बघत म्हणाल्या.

शिंपीकाकांना वाटलं, डॉक्टरी खात्याचं काहीतरी असेल. त्यांनी मूठ आवळली. दोन नळ्या भरल्या. पलीकडच्या खाटेवर ड्रायव्हर आजोबा वॉर्डकडे पाठ करून रस्त्यावरच्या बसगाड्या मोजत होते. आज सुई टळली, म्हणून ते मुद्दामच वळले नाहीत. आम्ही नऊ नंबरकडे गेलो. माझ्या कप्प्यात एका माणसाचं रक्त दुसऱ्याच्या नावाने उभं होतं आणि फरशीच्या प्रत्येक सांध्यावर किणकिणत होतं. आजवर मी कितीतरी वेळा उगाच घाबरले आहे. त्या दिवशी पहिल्यांदा मला कारण होतं, आणि सांगायची सोय नव्हती.

खाली आल्यावर रक्तगटाची नळी लगेच रक्तपेढीत गेली. घाईची होती. रोजची नळी लॅबताईंच्या टेबलावर राहिली आणि आपल्या पाळीची वाट बघू लागली. तिच्या आधी सहा नळ्या होत्या. मी त्या सहाही मोजल्या. लॅबताईंनी त्या एकेक करून, नेहमीसारख्या, अजिबात घाई न करता तपासल्या. मध्ये त्यांनी चष्मा पुसला. मी आयुष्यात कधी चष्म्याचा एवढा राग केला नव्हता.

सातवी नळी यंत्रात गेली. हिमोग्लोबिन चौदा.

"बिघडलं वाटतं," त्या यंत्राला म्हणाल्या आणि नळी पुन्हा लावली. पुन्हा चौदा. काल सहा होतं. एका रात्रीत सहाचं चौदा होत नाही, झाडपाल्याचं औषध विकणारेसुद्धा एवढं सांगत नाहीत. त्यांनी थेंब काचेवर पसरला, रंग दिला, सूक्ष्मदर्शकात डोळा लावला. आणि नेहमीचं पुटपुटणं आलं नाही.

ड्रायव्हर आजोबांच्या पेशी त्या इतके दिवस रोज बघत होत्या. बारीक, फिकट, मधोमध पोकळ, उपाशी माणसांच्या रांगेसारख्या. आणि आता काचेवर सगळ्या गोल, भरलेल्या, गुटगुटीत पेशी. मधूनमधून गुलाबी दाण्यांच्या पेशी, नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त.

"हे गुलाबी दाणे," लॅबताई अगदी हळू म्हणाल्या, "हे आठ नंबरचे शिंपीकाका."

चेहरा त्यांनी एकदाही बघितला नव्हता. पण रक्त बघून माणूस ओळखला.

त्यांनी रक्तपेढीला फोन केला. पिशवी दहा मिनिटांपूर्वी वर गेली होती. वॉर्डला फोन केला. कोणीतरी भेटायच्या वेळा विचारत होतं, फोन लागेना. त्या उठल्या आणि दाराकडे धावल्या. मग दारातून परत फिरल्या आणि मला घेतलं.

का घेतलं, हे मी पुष्कळदा मनाशी विचारलं आहे. माझ्यावर त्या वेळी एक कापसाचा बोळा होता. मला वाटतं, माझ्याशिवाय त्या वॉर्डात कसं शिरायचं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

लिफ्टपुढे दोन स्ट्रेचर उभी होती. आम्ही उताराने गेलो, म्हणजे आमच्यासाठी तो चढ होता. दोन मजले. मी डावीकडे ओढायचे, त्या उजव्या कमरेने मला सरळ करायच्या, असं करत आम्ही चढलो. एक्स-रेच्या दारात मी अर्धी घुसले. आतला माणूस म्हणाला, "श्वास रोखा," आणि आम्ही दोघींनीही रोखला. मग बाहेर आलो. वॉर्डचा उंबरठा आला. तो कसा ओलांडला ते मला आठवत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला उंबरठा आठवत नाही.

मधल्या वेळात वॉर्डात काय घडलं, ते मला नंतर कळलं. मोठ्या सिस्टर पिशवी घेऊन सात नंबरला गेल्या आणि त्यांनी नियमाप्रमाणे नाव विचारलं. शिंपीकाकांनी आपलं नाव सांगितलं. सिस्टरनी दोघांनाही यथेच्छ झापलं आणि उशांसकट आपापल्या जागी पाठवलं. "खिडकी पळून जात नाही कुठे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी ड्रायव्हर आजोबांचं नाव विचारलं, पिशवीवरचं नाव वाचलं, कागदावरचं नाव वाचलं. तिन्ही जुळली. सिस्टरनी सगळं बरोबर केलं होतं. त्या दिवसाची आठवण आली की मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते, की त्यांनी सगळं बरोबर केलं होतं.

आम्ही शिरलो तेव्हा पिशवी टांगलेली होती, नळी आजोबांच्या हाताला जोडलेली होती आणि सिस्टरचा अंगठा नळीवरच्या रक्त सोडायच्या चाकावर होता.

"थांबा," लॅबताई म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा आहे, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनाही नसावं.

"नाव तपासलंय मी," सिस्टर म्हणाल्या.

"नाव बरोबर आहे. रक्त चुकलंय."

छोट्या डॉक्टर पलीकडच्या खाटेवरून उठून आल्या. त्यांनी लॅबताईंचा चेहरा बघितला, पिशवी बघितली आणि विचारलं, "काय झालं, ताई? नमुना गोठला का?"

मित्रांनो, प्रयोगशाळेत हे उत्तर कायम तयार असतं. नमुना गोठला. रक्त आहे, गोठतं, कोणाचा दोष नाही. पुन्हा काढायचं, पिशवी परत पाठवायची, कोणी एक प्रश्न विचारत नाही. महिना पुरा व्हायला बारा दिवस होते. एक हो म्हटलं की झालं. छोट्या डॉक्टरांनी ते उत्तर जणू ताटात वाढून पुढे केलं होतं. लॅबताईंनी माझी ढकलायची मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"नाही," त्या म्हणाल्या. "गोठला नाही. मी यांचं समजून शिंपीकाकांचं रक्त काढलं. लेबलं आधीच लावली होती. मी नाव विचारलं नाही."

सिस्टरनी अंगठा काढला. पिशवी खाली घेतली.

लॅबताईंनी छोट्या डॉक्टरांकडून दोन कोऱ्या नळ्या घेतल्या. मग त्यांनी मान वर केली. कोपराच्या वर दंड, दंडाच्या वर खांदा, आणि खांद्याच्या वर ड्रायव्हर आजोबांचा चेहरा होता. पांढऱ्या मिशा होत्या. एका भुवईत जुन्या जखमेची खूण होती. अठरा दिवसांत त्यांनी यातलं काहीच बघितलं नव्हतं.

"आजोबा, तुमचं नाव काय?"

त्या दिवशी आजोबांनी फक्त नाव सांगितलं. गिअरबॉक्स नाही, डेपो नाही. मलाच चुकल्यासारखं वाटलं.

दुपारी खरं उत्तर आलं. शिंपीकाकांचा रक्तगट बी, आजोबांचा ओ. बी गटाची पिशवी चालू झाली असती, तर आजोबांच्या शरीराने त्या रक्ताशी भांडण मांडलं असतं, आणि त्या भांडणात माणूस हरतो. मग ओ गटाची पिशवी आली आणि थेंबथेंब करत आजोबांना चढली.

संध्याकाळी मोठे डॉक्टर प्रयोगशाळेत आले. छोट्या डॉक्टर आणि सिस्टरही आल्या. आणि त्यांच्या मागोमाग, योगायोगाने किंवा वासावर, भांडाराचे कारकून वही घेऊन आले. महिनाअखेर होती. माझ्यावरची फुली अजून होती. नळ्या उभ्या केल्या की ती झाकली जायची, एवढंच.

"एक नमुना चुकला की बंद, असं आपलं ठरलं होतं," मोठे डॉक्टर म्हणाले.

"ठरलं होतं," लॅबताई म्हणाल्या. त्या टेबलाखाली गेल्या नाहीत. मी बघत होते. टेबल जवळच होतं.

"सर, मी बोलू?" छोट्या डॉक्टर म्हणाल्या. "दोन वर्षं मी रक्त काढलं. घाई असली की लेबलं मीही आधीच चिकटवायचे. माझ्या हातून असं कधी झालंच नाही, असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. मला कळलं नाही, एवढंच सांगू शकते. नळी खाली पाठवली की मी विसरायचे. रक्त बघून हे कोणाचं ते ओळखणारं माणूस आत्ता पहिल्यांदा वर आलंय."

"आणि उद्यापासून चाळीस जणांचं पुन्हा यांनी काढायचं म्हणत असाल," मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "तर स्टँडचीही एक फाइल उघडून ठेवते. यांचं त्याच्याशी बोलणं पुन्हा सुरू होईल."

मोठे डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी चष्म्याची काडी चावली. मग विचारलं, "ताई, गोठला म्हणून का नाही सांगितलं?"

"गोठला नव्हता," लॅबताई म्हणाल्या.

मोठ्या डॉक्टरांनी कागद घेतला आणि उभ्याउभ्याच लिहिलं. वर जाणारी प्रत्येक नळी कोरी असेल. नाव रुग्णाच्या तोंडून ऐकायचं, रक्त काढायचं आणि तिथेच, खाटेशी उभं राहून, लेबल लिहायचं. वेळ लागला तरी चालेल, फेरी थांबेल. लॅबताईंनी लेखी खुलासा द्यायचा. आणि झालेले अठरा दिवस धरायचे नाहीत. उद्या पहिला दिवस.

"आणि ही गाडी?" कारकुनांनी वही उघडली. "ही यादीत आहे."

लॅबताईंनी ओलं फडकं घेतलं आणि माझ्यावरची फुली पुसली. "मग यादी दुरुस्त करा," त्या म्हणाल्या आणि फडकं पिळलं.

सांगितलं नव्हतं का, मला ओल्या फडक्याची भीती वाटत नाही म्हणून.

लॅबताईंनी आपल्या खुलाशाची एक प्रत माझ्या वरच्या कप्प्यावर चिकटवली आहे. एक पेन सुतळीने माझ्या मुठीला बांधलं आहे. रोज सकाळी त्या कागदावरची पहिली ओळ वाचतात, 'मी नाव विचारलं नाही,' आणि मगच मला ढकलतात. आता चाळीस जणांना पाऊण तास पुरत नाही, सव्वा तास लागतो. सिस्टर कुरकुरतात आणि थांबतात. छोट्या डॉक्टर त्या वेळात खाटांवर टेकून गोष्टी ऐकतात. नवा महिना पूर्ण झाला. त्याच्यापुढचाही झाला.

ड्रायव्हर आजोबा घरी गेले त्या दिवशी दारात ते मला आडवे आले. त्यांनी मूठ धरली, मला हातभर पुढे ढकललं, हातभर मागे ओढलं आणि कान दिला.

"डावीकडे ओढते," ते म्हणाले.

"दुरुस्तीला पाठवायची आहे," लॅबताई म्हणाल्या. "तेलही घालायचंय."

"नका पाठवू. माझी शेवटची गाडी अशीच ओढायची. बावीस वर्षांत एक ओरखडा नाही. गाडी कुठे ओढते हे माहीत असलं, की चालवणाऱ्याला डुलकी लागत नाही." मग त्यांनी माझ्यावरचा कागद वाचला, सावकाश, शेवटपर्यंत. "तुम्ही कुठे ओढता ते तर आता लिहूनच ठेवलंय," ते म्हणाले आणि मुलाचा हात धरून निघून गेले.

तर मित्रांनो, माझं चाक अजून तसंच आहे. ते कुईकुई वाजतं आणि त्या आवाजाने वॉर्ड जागा होतो. काही जण अजून पेला पुढे करतात. आणि भीती गेली का, विचाराल तर नाही, उलट एक वाढली आहे. रोज सातव्या खाटेशी मला ती वाटते, आणि माझ्या मुठीवरच्या हातांनाही वाटते. ते मला कळतं, कारण ते हात तिथे जरा घट्ट होतात, आणि मग वरून आवाज येतो, "तुमचं नाव काय?"

एवढंच मागणं आहे. कधी आजारी पडलात आणि कोणी सुई घेऊन आलं, तर हात पुढे करण्याआधी नाव सांगा. पूर्ण सांगा, स्पष्ट सांगा. समोरचा कोपराकडे बघत असेल तर दुसऱ्यांदा सांगा. तो विचारायचं विसरला असेल, कारण तो दमलेला असेल किंवा तुम्हाला घाबरत असेल. आणि खाट बदलावीशी वाटली तर खुशाल बदला, खिडकी सगळ्यांनाच हवी असते. फक्त सिस्टरना सांगा. त्या फाडून खात नाहीत. मी रोज बघते.

आता मला जायला हवं. लिफ्ट आली आहे, आणि ती फट.